काटा रुतल्यापासून चौदा दिवस

मिरगाचा पाऊस लागला की कुळागरात आणि शेतात अनवाणी वावर वाढतो. त्यात कधीतरी करवंदीचा काटा टाचेत रुततो. काटा उपटला, दोन थेंब रक्त आले, पाय धुतला, काम पुढे चालू. संध्याकाळी टाच ठणकू लागते. दुसऱ्या दिवशी ती लाल आणि गरम होते. तिसऱ्या दिवशी जांघेत सुपारीएवढी दुखरी गाठ हाताला लागते. घरातली जुनी माणसे तिला अवधाण म्हणतात. थोडा पू येतो, आठवड्याभरात सूज ओसरते आणि काटा विसरला जातो.

एवढ्याशा घटनेत शरीराची जवळजवळ सगळी संरक्षणव्यवस्था कामाला लागून परत जागेवर गेलेली असते. ‘रोगप्रतिकारशक्ती’ हा शब्द आपण टाकीतल्या पाण्यासारखा वापरतो. हिची कमी झाली, त्याची वाढवायला हवी. पण ही व्यवस्था चालते वेळापत्रकावर. पहिल्या तासाला कोण येते, तिसऱ्या दिवशी कुठे काय शिजत असते, दहाव्या दिवशी काय तयार होते, हे ठरलेले असते. ते एकदा समजले की तापाची कोणती तपासणी कधी करायची, कुत्रा चावल्यावर उद्यावर का ढकलायचे नाही, लसीच्या दोन डोसांत महिना का जातो, या गोष्टी सुट्या सुट्या पाठ कराव्या लागत नाहीत.

काट्याच्या आधीचा पहारा कातडीचा. तिचा वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. तो साधारण महिन्याभरात झडून नवा येतो आणि झडताना चिकटलेले जंतूही सोबत नेतो. कातडी किंचित आम्लधर्मी असते, ते पुष्कळ जंतूंना मानवत नाही. डोळ्यांतल्या पाण्यात आणि लाळेत लायसोझाइम असते, ते काही जीवाणूंची भिंत फोडते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या आधी, १९२२ साली, त्याचे वर्णन केले होते. श्वासनलिकेतला शेंबडाचा थर आणि तो वर ढकलणारी सूक्ष्म लव, जठरातले तीव्र आम्ल, आतड्यात आधीच जागा धरून बसलेले आपले नेहमीचे जीवाणू, हे सगळे याच पहाऱ्यातले. विडी-सिगारेट ओढणाऱ्याची ही लव लुळी पडते, साचलेला कफ मग खोकूनच काढावा लागतो. सकाळच्या खोकल्याचे एक कारण ते.

पहिले काही तास

काटा हा पहारा एका क्षणात ओलांडतो आणि कातडीखाली मातीतले जीवाणू नेऊन ठेवतो. तिथे मॅक्रोफाज नावाच्या भक्षक पेशी कायमच्या मुक्कामाला असतात. त्यांना हा जीवाणू कोणता, याच्याशी कर्तव्य नसते. जीवाणूच्या भिंतीचे तुकडे, त्याच्या शेपटीचे प्रथिन अशा, माणसाच्या पेशीत कधीच न सापडणाऱ्या ठरावीक वस्तू ओळखणारी प्रथिने (रिसेप्टर) त्यांच्या अंगावर असतात. या ओळखीचा उलगडा केल्याबद्दल ज्यूल्स हॉफमन आणि ब्रूस बॉयटलर यांना २०११ चे नोबेल मिळाले. ओळख पटली की मॅक्रोफाज रासायनिक हाका मारतात. शेजारच्या मास्ट पेशी हिस्टामिन नावाचे रसायन सोडतात. रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून लाली आणि ऊब येते. त्यांच्या भिंती सैल होऊन द्रव बाहेर झिरपतो म्हणून सूज येते. सुजेचा ताण आणि ही रसायने मज्जातंतूंना डिवचतात म्हणून ठणका लागतो. म्हणजे टाचेला जे काही होते आहे ते बहुतेक आपल्याच शरीराने केलेले आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे डेंग्यूच्या वेळी लागेल.

सैल झालेल्या वाहिन्यांतून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी बाहेर पडतात. रक्ताच्या रिपोर्टवर ‘टीएलसी’ म्हणून पांढऱ्या पेशींचा आकडा असतो. प्रौढांत तो एका मायक्रोलिटरला सुमारे ४,००० ते ११,००० असतो आणि त्यातले ४० ते ७० टक्के न्यूट्रोफिल असतात. हाडांतला मगज रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल बनवतो, कारण त्यांचे आयुष्य फार थोडे असते. ते तासाभरात काट्याच्या जागी पोहोचू लागतात आणि साधारण पहिल्या दिवसाअखेर त्यांची गर्दी सर्वांत जास्त असते. जंतू गिळतात, आतल्या आत आम्ल आणि ब्लीचच्या जातीची रसायने सोडून त्यांना मारतात आणि बहुधा स्वतःही मरतात. काही न्यूट्रोफिल तर स्वतःच्या पोटातले डीएनएचे धागे बाहेर फेकतात आणि नदीत पाग टाकावा तसे जंतू त्यात गुंडाळतात. हे २००४ साली प्रथम दिसले. पू म्हणतो तो मुख्यतः या मेलेल्या पेशींचा चिखल. म्हणून मोठ्या गळवात नुसत्या अँटिबायोटिक गोळ्यांनी भागत नाही, डॉक्टर चीर देऊन पू काढतात. त्या चिखलात औषध नीट पोहोचतच नाही. घरी मात्र गळू पिळायचे नाही, पिळल्याने पू आतल्या बाजूला पसरतो.

गंमत म्हणजे भक्षक पेशींचा शोधही काट्यानेच लागला. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना इथे एली मेचनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत बारीक काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर काट्याभोवती फिरत्या पेशींचे कोंडाळे जमले होते. १९०८ चे नोबेल त्यांना पॉल एर्लिश यांच्यासोबत मिळाले.

या पहिल्या फळीच्या आवाक्यात एक गोष्ट येत नाही. मातीत धनुर्वाताच्या जीवाणूंचे बीजाणू असतात आणि काट्याची जखम असते खोल, अरुंद, हवा न पोहोचणारी. नेमकी अशीच जागा त्यांना लागते. ते थोडेसेच वाढतात, पण त्यांचे विष मज्जातंतूंवर जाते. ते विष इतक्या कमी मात्रेत काम करते की शरीराला त्याची ओळखही पटत नाही. धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसालाही पुन्हा धनुर्वात होऊ शकतो तो यामुळे. संरक्षण फक्त लसीचे. लहानपणी सगळे डोस झालेले असतील तर स्वच्छ किरकोळ जखमेला शेवटच्या डोसानंतर १० वर्षे आणि मातीच्या किंवा खोल जखमेला ५ वर्षे उलटली असतील तरच नवा डोस लागतो. खरचटले की दर सहा महिन्यांनी इंजेक्शन घेत सुटण्याची आपल्याकडची रीत निरर्थक आहे. उलट ज्यांचे मूळ तीन डोसच कधी झाले नाहीत अशी वयस्क माणसे गावोगाव असतात, त्यांना एका टोच्यावर सोडून दिले जाते, ते चूक. गंजलेला खिळाच वाईट, हाही समज. गंज निमित्तमात्र, दोष मातीचा आणि खोलीचा.

अवधाण म्हणजे काय

टाचेत ही धुमश्चक्री चालू असताना डेंड्रायटिक पेशी एक वेगळे काम करतात. लांब फांद्या असलेल्या या पेशी मेलेल्या जंतूंचे तुकडे उचलतात आणि लसिकावाहिन्यांतून (लिम्फच्या नळ्यांतून) प्रवास करत जांघेतल्या लसिकाग्रंथींत येतात. प्रवासाला साधारण एक दिवस लागतो. अंगात अशा शेकडो ग्रंथी आहेत आणि प्रत्येकीचा मुलूख ठरलेला आहे. पायाची जखम जांघेत, हाताची काखेत, घशाची मानेत. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ साली या पेशींचे वर्णन केले. २०११ चे ते तिसरे नोबेल मानकरी, पण घोषणेच्या तीनच दिवस आधी ते वारले होते. नोबेल समितीला हे ठाऊक नव्हते आणि पारितोषिक कायम ठेवले गेले.

ग्रंथीत टी पेशी आणि बी पेशी बसलेल्या असतात. इथे पद्धत बदलते. पहिल्या फळीला ‘जीवाणू’ एवढेच कळत होते. इथे प्रत्येक पेशीकडे एकाच आकाराचे कुलूप असते आणि त्यात बसणारी किल्ली आली तरच ती हलते. ही कुलुपे रोग येण्याच्या आधीच, जनुकांचे तुकडे फाशांसारखे उलटसुलट जोडून, कोट्यवधी प्रकारांत बनवून ठेवलेली असतात. सुसुमु तोनेगावा यांना या शोधाबद्दल १९८७ चे नोबेल मिळाले. यादृच्छिक जोडणीत काही कुलुपे स्वतःच्याच शरीराला लागणारीही निघतात. म्हणून टी पेशींची छातीच्या हाडामागे, थायमस ग्रंथीत परीक्षा होते आणि ९५ टक्क्यांहून जास्त पेशी तिथेच बाद होऊन मरतात. एवढा कडक निकाल दुसऱ्या कुठल्या परीक्षेचा नसावा.

एका विशिष्ट तुकड्याला लागू पडणारी टी पेशी लाखात किंवा दहा लाखांत एखादी असते. डेंड्रायटिक पेशी ग्रंथीत तुकडे दाखवत बसते, टी पेशींची रांग तिच्यावरून सरकत राहते. योग्य ती सापडली तरी लगेच काम सुरू होत नाही. ‘हा तुकडा धोक्याच्या ठिकाणाहून आला आहे’ असा दुसरा इशाराही डेंड्रायटिक पेशीकडून मिळावा लागतो. तलाठ्याची सही झाली तरी मामलेदाराची हवी, तसे. हे दिरंगाईचे वाटते, पण ही दुसरी सही नसती तर खाल्लेल्या प्रत्येक माशावर शरीर तुटून पडले असते. दोन्ही सह्या झाल्या की ती पेशी दुणावत जाते. एकाच्या दोन, दोनाच्या चार, दिवसातून दोन-तीन वेळा. ग्रंथी सुजते, दुखते. हेच अवधाण. ती गाठ शेकून, चोळून घालवण्याचा प्रयत्न करू नका, तिच्या पोटात काम चालू आहे. जखम बरी झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत ती विरते. चार आठवड्यांनंतरही टिकलेली, न दुखणारी, टणक किंवा वाढत जाणारी गाठ मात्र दाखवायलाच हवी. मानेत अशी गाठ आणि सोबत वजन घटत असेल, संध्याकाळी कणकण येत असेल तर क्षयाची तपासणी आधी होते.

मदतनीस टी पेशींनी संमती दिलेल्या बी पेशी प्रतिपिंडांचे (अँटिबॉडींचे) कारखाने बनतात. एक कारखाना-पेशी सेकंदाला हजारभर किंवा त्याहून जास्त प्रतिपिंडे सोडू शकते. इंग्रजी वाय अक्षरासारखा त्यांचा आकार असतो, दोन हात जंतूला धरतात, देठ भक्षक पेशींना ‘याला गिळा’ असे सांगतो. पहिल्यांदा येतात ती आयजीएम, ओबडधोबड पण लवकरची. मग, पहिल्या आठवड्यानंतर, जास्त घट्ट धरणारी आयजीजी. मारेकरी टी पेशी वेगळ्याच कामाला जातात. विषाणू आपल्या पेशीच्या आत लपतो तिथे प्रतिपिंड पोहोचत नाही, तेव्हा ती पेशीच मारून टाकावी लागते.

पहिल्या भेटीत या सगळ्याला ७ ते १४ दिवस लागतात. नंतर स्मृतिपेशी उरतात, आणि दुसऱ्या भेटीत तेच काम दोन-चार दिवसांत होते. एरवी बहुतेक वेळा आपल्याला कळतही नाही.

तापाचे दिवस मोजा

ताप जंतू आणत नाही, मेंदू आणतो. भक्षक पेशींची रसायने मेंदूतल्या तापमानाच्या केंद्राला खबर देतात, तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार होते आणि केंद्र आपला ठरलेला आकडा ३७ वरून ३९ अंशांवर नेते. अंग ३७ वर आणि आकडा ३९ वर, म्हणून हुडहुडी भरते. थरथरीतून उष्णता बनते. पॅरासिटामॉल तो आकडा खाली आणते, आजाराला हात लावत नाही. प्रौढांना ५०० ते ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत सहा तासांचे अंतर, दिवसाला कोणत्याही परिस्थितीत ४ ग्रॅमच्या आत. नियमित दारू पिणाऱ्यांना आणि यकृताचा आजार असणाऱ्यांना त्याहून बरेच कमी. लहान मुलांना वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. चमच्याने अंदाज नको, सिरपसोबत येणारे मापच वापरा.

गोव्यात पावसाळ्यात आणि चवथीच्या आगेमागे ताप आला की पहिली शंका डेंग्यूची. डास चावल्यापासून ४ ते १० दिवसांनी ताप चढतो, आणि इथून दिवस मोजायचे. पहिले पाच दिवस रक्तात विषाणू भरपूर असतो, त्यामुळे विषाणूचे प्रथिन शोधणारी एनएस१ तपासणी या दिवसांत उपयोगी. आयजीएम तपासणी पाचव्या दिवसाच्या पुढे, कारण प्रतिपिंडे त्याआधी पुरेशी बनलेलीच नसतात. दुसऱ्या दिवशी आयजीएम करून ‘डेंग्यू नाही’ म्हणत निर्धास्त होणे ही आम्हाला सर्वांत जास्त दिसणारी चूक. पांढऱ्या पेशींचा आकडाही काही सांगतो. डेंग्यूत तो बहुधा ४,००० च्या खाली उतरतो, गळू किंवा न्यूमोनियासारख्या जीवाणूच्या आजारात वर चढतो. लेप्टोमध्येही (लेप्टोस्पायरोसिस या जीवाणूच्या तापातही) वर चढतो. ताप, पोटऱ्यांत वेदना, डोळे लाल आणि मागच्या पंधरवड्यात पाण्यात, चिखलात काम झालेले असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

डेंग्यूचा खरा धोका ताप उतरताना असतो. चौथ्या ते सहाव्या दिवशी अंग थंड लागते, घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि नेमके तेव्हा पुढचे २४ ते ४८ तास केशवाहिन्यांतून रक्तद्रव बाहेर गळू लागतो. ही गळती करतात आपल्याच प्रतिकारपेशींनी सोडलेली रसायने, टाचेच्या सुजेचे हेच तंत्र, फक्त सगळ्या अंगभर. त्यातून रक्तदाब पडतो. प्लेटलेटचा आकडा सगळेच पाहतात, पण त्याच रिपोर्टवरचा हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले लाल पेशींचे प्रमाण, पाहा. तो २० टक्क्यांनी वाढला तर रक्त घट्ट होते आहे, द्रव बाहेर जातो आहे. पोटात जोरात दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून रक्त, खूप सुस्ती किंवा बेचैनी, सहा तासांत लघवी न होणे यातले एक जरी दिसले तरी रात्रीच हलवा. घरी असताना ओआरएस (एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नव्हे), मीठ घातलेली पेजेची निवळ, शहाळे चालते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन बिलकूल नको, त्यांनी रक्तस्राव वाढतो.

पपईच्या पानांच्या रसाबद्दल विचारले जाते. प्लेटलेट सातव्या-आठव्या दिवसापासून बहुतेकांच्या आपोआप वाढतात आणि रस नेमका तेव्हाच चालू असतो, श्रेय रसाला जाते. ज्याला उलट्या होत आहेत त्याच्या तोंडात कडू रस ओतून त्या वाढवण्यात तरी शहाणपण नाही.

डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्याच्यापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, पण दुसरा प्रकार आला तर जुनी प्रतिपिंडे त्याला धरतात आणि निकामी मात्र करू शकत नाहीत. प्रतिपिंडाचा देठ तर भक्षक पेशीला हाक मारतोच. पेशी गिळते आणि विषाणूला राहायला आयते घर मिळते. म्हणून दुसऱ्यांदाचा डेंग्यू जास्त गंभीर होण्याची शक्यता असते. स्मृती नेहमीच मदत करते असे नाही.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काजूच्या हंगामात आणखी एक ताप लक्षात ठेवावा लागतो. माकडताप २०१५ पासून तिथे आढळला आहे. तो गोचिडीतून येतो, आठवडाभर राहून जातो आणि काही रुग्णांत आठवडा-दोन आठवड्यांनी परततो, या वेळी मेंदूची लक्षणे घेऊन. रानात जाताना पायघोळ कपडे घाला, घरी आल्यावर काख, जांघा, कानामागे गोचीड शोधा आणि चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा.

कुत्र्याने चावल्यावरची शर्यत

वेळापत्रक समजायला रेबीजइतके उत्तम उदाहरण नाही. विषाणू चाव्याच्या जागी स्नायूत थांबतो, मग मज्जातंतूत शिरून मेंदूकडे सरकू लागतो. मज्जातंतूच्या आत प्रतिकारपेशींना तो जवळजवळ दिसतच नाही. मेंदूत पोहोचून लक्षणे दिसली की उपाय उरत नाही. प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात. चावा चेहऱ्यावर, मानेवर किंवा बोटांवर असेल तर कमी. लसीने प्रतिपिंडे तयार व्हायला ७ ते १४ दिवस. म्हणजे शर्यत जिंकता येते, पण ज्या दिवशी चावला त्या दिवशी सुरू केली तर.

पहिले काम नळाखाली साबणाने १५ मिनिटे धुणे. घड्याळ लावून. यानेच बराच विषाणू निघून जातो. मिरची, हळद, चुना, लिंबू काही लावू नका. जखम शिवायची घाई नको. मग लस: स्नायूत असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, कातडीत असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दोन-दोन जागी ०.१ मिलिलिटर. शून्य म्हणजे पहिल्या टोच्याचा दिवस. मोठ्यांना दंडात, लहानांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला, नितंबात कधीच नाही, तिथल्या चरबीत लस नीट काम करत नाही.

रक्त आले असेल तर लसीसोबत सीरमही लागते. सीरम म्हणजे तयार प्रतिपिंडे, आपली तयार होईपर्यंतची उसनवारी. मानवी असेल तर किलोमागे २० एकके, घोड्याचे असेल तर ४०. साठ किलोच्या माणसाला अनुक्रमे १,२०० आणि २,४०० एकके. ते शक्य तितके जखमेतच सोडतात, विषाणू तिथेच असतो म्हणून. पहिल्या डोसाला सात दिवस उलटल्यावर सीरम देत नाहीत, कारण तोवर स्वतःची प्रतिपिंडे यायला लागलेली असतात आणि बाहेरची त्यांच्या वाटेत येतात. पूर्वी पूर्ण लस घेतलेल्यांना सीरम नको, ० आणि ३ व्या दिवशी दोनच डोस. स्मृतिपेशी उरलेले काम करतात. २०२१ साली रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालेले गोवा हे देशातले पहिले राज्य, आणि ते घडले मुख्यतः कुत्र्यांना वर्षानुवर्षे लस टोचल्यामुळे. तरी चाव्यानंतरची लस कोणी टाळू नये.

मुलांच्या लसीकार्डावरच्या तारखांमागेही हेच गणित आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईची आयजीजी वारेतून बाळाकडे जाते, पहिल्या दिवसांच्या पिवळसर घट्ट दुधातून आयजीए आतड्याला मिळते. उसनी आयजीजी दर तीन आठवड्यांनी निम्मी होत जाते. ती शिल्लक असताना गोवराची जिवंत लस दिली तर आईची प्रतिपिंडे लसीलाच मारून टाकतात. म्हणून पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर. तेव्हाही शंभरातल्या सुमारे ८५ बाळांतच ती लागू पडते, म्हणून १६ ते २४ महिन्यांत दुसरा. तो ‘बूस्टर’ नव्हे, राहून गेलेल्यांना गाठण्याची दुसरी संधी. गोवर आधीची स्मृतीही पुसतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोवरानंतर मुलांची इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झालेली आढळली. साधा पुरळाचा आजार म्हणून सोडून देण्यासारखा तो नाही.

६, १०, १४ आठवड्यांच्या पेंटाव्हॅलेंटमध्ये (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीत) चार आठवड्यांचे अंतर असते, कारण ग्रंथीत बी पेशींची निवड चालू असते. जास्त घट्ट धरणाऱ्या टिकतात, ढिल्या बाद होतात. घाई करून पुढचा डोस दिला तर ही निवड अर्धवट राहते. उशीर झाला तर मात्र नुकसान एवढेच की मधल्या काळात मूल उघडे राहते. पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते. मुलाला सर्दी आहे म्हणूनही लस पुढे ढकलू नका.

लस साठवायची २ ते ८ अंशांत. उष्णतेची भीती सगळ्यांना असते, गोठण्याची कोणाला नसते, आणि पेंटाव्हॅलेंट, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस), हिपॅटायटिस बी गोठल्या की संपल्या. त्यांतले ॲल्युमिनियमचे क्षार गुठळ्या होऊन बसतात. बाटली हलवून ठेवली आणि तळाशी पटकन साका बसला तर ती टाकायची. घरच्या फ्रीजमध्ये लस ठेवण्याची वेळ आलीच तर मधल्या कप्प्यात, दारात नाही आणि बर्फाच्या खणाला चिकटून तर नाहीच.

बांगडा आणि काजू

प्रतिकारशक्ती जास्त झाली तरी त्रासच. ॲलर्जीत आयजीई जातीची प्रतिपिंडे मास्ट पेशींवर बसून राहतात आणि निरुपद्रवी वस्तू आली की हिस्टामिनचा पूर सोडतात. पावसाळ्यात भिंतीला बुरशी येते, गादीत धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात, दम्याचे रुग्ण वाढतात. या किड्यांतले आणि सुंगटांतले (कोळंबीतले) एक प्रथिन बरेच सारखे असते, त्यामुळे धुळीची ॲलर्जी असलेल्या काहींना सुंगटेही सोसत नाहीत. ओठ सुजले, आवाज बसला, श्वास लागला तर ॲड्रेनालिन मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, प्रौढांना ०.५ मिलिग्रॅम, तेही ताबडतोब. गोळ्या नंतर.

पण बांगडा खाऊन तोंड लाल झाले, डोके ठणकले, अंगाला खाज सुटली तर ती बहुधा ॲलर्जी नसते. बांगडा, तारली, ट्यूना यांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असते. मासळी बर्फाविना उन्हात राहिली की जीवाणू त्याचे हिस्टामिन करतात. शिजवून, तळून ते जात नाही. तासाभरात त्रास होतो, एकाच ताटातले चारजण एकदम लाल होतात. शरीराने काही केलेले नसते, हिस्टामिन बाहेरूनच आलेले असते. अशा माणसाने बांगडा कायमचा सोडायचे कारण नाही, बर्फातली मासळी घ्यावी.

काजूची गोष्ट उलटी. बी भाजून फोडणाऱ्यांच्या हातांना टरफलातले तेल लागते. ते भाजतेही आणि टी पेशींना शिकवतेही. पहिल्यांदा काही नाही, पुढच्या खेपेला एक ते तीन दिवसांनी लाल पुरळ आणि फोड. आयजीई असते तर मिनिटांत झाले असते, टी पेशींना जागेवर यायला वेळ लागतो. आंब्याचा चीक आणि बिब्बा याच कुळातले, म्हणून एकाने उठणाऱ्याला दुसऱ्यानेही उठू शकते. हातमोजे घाला आणि तेल लागताच साबणाने धुवा, चुरचुरण्याची वाट पाहू नका.

‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांबद्दल एवढे वाचल्यावर फार सांगायला नको. डेंग्यूची गळती, दमा, काजूचे फोड यांत नेमके काय वाढवायचे? गुळवेलीच्या काढ्याचे रोज सेवन करणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हते, पण कावीळ झाली तर काढा घेत होतो हे डॉक्टरांपासून लपवू नका. पुरेशी झोप, डाळ-मासळी-अंडी, तंबाखू बंद. यापलीकडे ज्याचे प्रतिकारकाम खरोखर अडते ते बहुधा साखरेने.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात २६.४ टक्के होते, देशातल्या राज्यांत सर्वाधिक. रक्तात साखर जास्त असली की न्यूट्रोफिल सुस्त होतात, जखमेकडे उशिरा पोहोचतात, गिळलेला जंतू नीट मारत नाहीत. बारीक रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात, त्यामुळे वाटही धड नसते. मज्जातंतू बधिर झालेले, म्हणून ठणका लागत नाही. करवंदीचा तोच काटा अशा टाचेत रुतला तर संध्याकाळी काहीच दुखत नाही. चार दिवसांनी मोज्याला ओल आणि वास येतो तेव्हा कळते, तोवर जंतू हाडापर्यंत गेलेले असू शकतात. साखर असणाऱ्यांनी रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवे आरशात पाहायचे. आरसा जमिनीवर ठेवला की वाकावे लागत नाही. लाली, फोड, काळा ठिपका, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम यांतले काही दिसले तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जायचे, दुखत नसले तरी.